सात वाटे आणि एक लक्ष बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

तळगडाच्या सावलीत वसलेल्या आमच्या तळा गावात, आणि खरे म्हणजे साऱ्या कोकणपट्टीतच, जुन्या घराच्या माळ्यावरची पेटी उघडली की कापडात गुंडाळलेले एखादे वाटपपत्र हाती लागावयाचेच. आजोबांचे एक खाचर मुलांत वाटले गेले, मुलांचे नातवंडांत, आणि दर पिढीला फेरफारावर नवी नावे चढत जाऊन सातबाऱ्यावरील क्षेत्राचे आकडे बारीक होत गेले. अशाच एका कागदाने मला प्रस्तुत लेखाचा विषय दिला. एक हेक्टर, म्हणजे शंभर आर, भातजमीन सात समाईक हिस्सेदारांत सारखी वाटावयाची होती; कागद लिहिणाऱ्याने प्रत्येकाच्या नावापुढे १४.२८ आर असे क्षेत्र मोठ्या काळजीने मांडले होते, आणि सातव्या नावापाशी आल्यावर मात्र त्याची लेखणी थबकलेली दिसत होती. कारण सात वेळा १४.२८ घेतले असता बेरीज ९९.९६ भरते, आणि पाव गुंठाही नव्हे, केवळ चार चौरस मीटर एवढी जमीन कोणाच्याच वाट्याला न जाता कागदावर उरते. त्याने तोड काढली ती व्यवहाराला धरूनच होती: सहा जणांना १४.२८ देऊन सातव्याच्या नावे १४.३२ लिहिले आणि बेरीज शंभरावर आणून खाली सही केली.

व्यवहाराचे तेथे समाधान झाले, पण गणिताचे होत नाही. जुन्या काळी रुपयाचे १९२ पै होत असत. तो रुपया सात भावांत वाटला तर प्रत्येकाला दोन आणे तीन पै मिळून वर तीन पै उरत. हेक्टराचे आर करा, आरांचे चौरस मीटर करा किंवा त्याहूनही सूक्ष्म असे माप योजा, दहाच्या पटीने कितीही खाली उतरले तरी साताचा वाटा पुरा म्हणून होत नाही. शंभराला साताने भागण्याचे काम कागद लिहिणाऱ्याने दुसऱ्या दशांशावर सोडले. ते कोणी पुढे चालू ठेवले तर १४.२८५७१४२८५७१४२८५७… असे अंक येऊ लागतात, आणि एक, चार, दोन, आठ, पाच, सात हे सहा अंक त्याच क्रमाने, एकही इकडचा तिकडे न होता, अखंड पुन्हा पुन्हा येत राहतात. एकाला साताने भागून मिळणारे हे सहा अंक एकत्र मांडले म्हणजे १४२८५७, अर्थात एक लक्ष बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न, ही संख्या तयार होते. वरवर पाहता एखाद्या जमाबंदीच्या तक्त्यात सहज खपून जाईल अशी ही संख्या. परंतु तिच्या अंगी जे गुण आहेत ते पाहिले म्हणजे मनुष्य थक्क होतो.

तिला दोहोंनी गुणा, २८५७१४ येतात. तिहींनी गुणा, ४२८५७१ येतात. चोहोंनी ५७१४२८, पाचांनी ७१४२८५, सहांनी ८५७१४२. तेच सहा अंक, तोच क्रम. बदलतो तो केवळ आरंभ, जणू रहाटाला सहा पोहरे बांधले आहेत आणि रहाट फिरवावा तसा दर खेपेला निराळा पोहरा वर येतो. मग साताने गुणा. रहाट एकाएकी थांबतो आणि ९९९९९९ हे सहा नव ओळीने उभे राहतात. आठाने गुणले असता ११४२८५६ येतात, ज्यात जुना क्रम मोडल्यासारखा वाटतो. परंतु सहा घरांबाहेर गेलेला डावीकडचा एक उचलून उरलेल्या १४२८५६ मध्ये मिळवा, मूळ संख्या पुन्हा जशीच्या तशी हजर होते.

ही किमया नव्हे. तिचे कारण पाटीवर उलगडून दाखविता येते, आणि माझ्या मते ते कारण कळल्यानंतर मूळचे आश्चर्य कमी न होता उलट वाढते. भागाकार करताना आपले सारे लक्ष वर लिहिल्या जाणाऱ्या भागाकडे असते आणि खाली उरणाऱ्या बाकीकडे आपण उतरणीचे पाणी म्हणून पाहतो. वास्तविक सारी सत्ता त्या बाकीच्या हाती असते. दहातून सात एकदा जातात, बाकी तीन; तिसातून चार वेळा, बाकी दोन; विसातून दोन वेळा, बाकी सहा; साठातून आठ वेळा, बाकी चार; चाळिसातून पाच वेळा, बाकी पाच; पन्नासातून सात वेळा, बाकी एक; आणि एक बाकी उरली म्हणजे आपण जेथून निघालो तेथेच येऊन पोहोचलो. साताने भागताना शून्य सोडले तर बाकी म्हणून सहाच अंक संभवतात, आणि या फेऱ्यात ते सहाही, एकही न गाळता, एकेकदा येऊन जातात. आता दोन सप्तमांश काढावयाचे म्हणजे काय करावयाचे? बाकी दोन असलेल्या ठिकाणापासून तोच भागाकार सुरू करावयाचा. तीन सप्तमांशासाठी बाकी तीन असलेल्या ठिकाणापासून. वर्तुळ एकच, त्यावर पाय कोठे ठेवून निघावयाचे एवढाच प्रश्न. गुणाकारात दिसणारे चक्र ते हेच.

याच बाक्यांच्या माळेकडे जरा अधिक निरखून पाहावे. एक, तीन, दोन, सहा, चार, पाच अशी ती माळ आहे. पहिली आणि चौथी बाकी मिळून सात होतात, दुसरी आणि पाचवी मिळून सात, तिसरी आणि सहावीही सातच. ज्या दोन बाक्यांची बेरीज सात होते त्यांच्यापासून निघणाऱ्या भागाकाराच्या अंकांची बेरीज नऊच भरावी लागते, कारण दोहोंना दहाने गुणून मिळविले तर सत्तर होतात, त्यांच्या नव्या बाक्यांची बेरीज पुन्हा सात, आणि सत्तरातून सात वजा केले की उरणारे त्रेसष्ट म्हणजे साताची नऊपट. म्हणून १४२८५७ चे मधोमध दोन तुकडे करून १४२ आणि ८५७ यांची बेरीज केली तर ९९९ येतात. तिचेच तीन तुकडे पाडले, म्हणजे १४, २८ आणि ५७, तर त्यांचीही बेरीज ९९ भरते.

येथे एक शंका उपस्थित होते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. हे सारे गुण त्या संख्येचे आहेत, की ती लिहिण्याच्या आपल्या रीतीचे? तळ्याहून जवळच, मांदाडच्या बाजूला, कुड्याची बौद्ध लेणी डोंगरात कोरलेली आहेत. तेथील एका लेण्याच्या ब्राह्मी लेखात महाभोज मांदव खंदपालिताच्या सेवेत असलेल्या शिवभूती नावाच्या एका लेखकाने ते दान दिल्याची नोंद आहे. लेखक म्हणजे अर्थात दरबारचा लेखनिक. पुढल्या काळात ज्याला कारकून किंवा चिटणीस म्हटले असते असा लेखणीवर पोट भरणारा मनुष्य. या शिवभूतीच्या पुढ्यात कोणी १४२८५७ ही संख्या ठेवली असती तर त्याने ती कशी लिहिली असती? त्या काळच्या ब्राह्मी अंकांचा उत्तम मासला जुन्नरजवळच्या नाणेघाटातील सातवाहनांच्या लेखात पाहावयास मिळतो, आणि त्यात स्थानावरून किंमत ठरविण्याची पद्धत नाही, शून्यही नाही. चाराचे चिन्ह वेगळे, चाळिसाचे वेगळे, आणि चारशे लिहावयाचे तर शंभराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडावयाचे. अशा लिपीत ही संख्या दुप्पट केली असता कोणतेही चक्र फिरताना दिसले नसते. एक चिन्हसमूह जाऊन दुसरा, त्याच्याशी काही नाते न सांगणारा चिन्हसमूह आला असता, आणि हिशेबात मुरलेल्या शिवभूतीच्या नजरेलाही त्यात काही वावगे आढळले नसते.

आपल्याला हाताला दहा बोटे आहेत म्हणून आपण दहाने मोजतो. आठाने मोजणाऱ्या लोकांनी हीच राशी ४२७०११ अशी लिहिली असती आणि तिची दुप्पट १०५६०२२ अशी. त्यांच्या मुलांना तिच्यात रहाट दिसला नसता. परंतु एवढ्यावरून हे सौंदर्य केवळ लिपीचे आहे असा निकाल देणे घाईचे होईल. लिपी ही खिडकी आहे. खिडकीतून जे दिसते ते खिडकीने निर्माण केलेले नसते. दहाचे घात साताने भागले असता सहाही बाक्या क्रमाने येतात, ही गोष्ट शिवभूतीच्या काळीही खरी होती. ती एका ओळीत नजरेला पडावी अशी मांडणी मात्र तेव्हा हाताशी नव्हती.

ती मांडणी देशात रुळल्यावर तिच्या साहाय्याने गंमत करून पाहण्याचा मोह आपल्या पूर्वसूरींनाही झालेला आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष याच्या काळात, ज्या वेळी कोकणपट्टीवर शिलाहारांचा अंमल राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून चालत होता, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ नावाचा ग्रंथ रचला; त्यात गुणाकाराची उदाहरणे देताना त्याने मुद्दाम अशी उदाहरणे निवडली आहेत की उत्तर डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखेच यावे. १५२२०७ ला ७३ ने गुणले की आठ एक ओळीने उभे राहतात. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की १२३४५६५४३२१ अशी, एकापासून सहापर्यंत चढून पुन्हा एकापर्यंत उतरणारी, संख्या मिळते. अशा संख्यांना तो राजाच्या गळ्यातील आभूषणाची उपमा देतो. त्याच मालिकेत १४२८५७१४३ ला साताने गुणावयास सांगितले आहे. उत्तर १००००००००१, दोन टोकांना दोन एक आणि मध्ये आठ शून्यांची माळ. आपली संख्या येथे वेष बदलून आलेली आहे हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. कारणही वर पाहिलेलेच आहे: तीन पायऱ्यांनंतर बाकी सहा उरते, नऊ पायऱ्यांनंतरही सहाच, आणि सहात एक मिळविला की सात पुरे होऊन भागाकार नि:शेष होतो. उत्तर सुंदर दिसावे म्हणून उदाहरण घडविणाऱ्या त्या आचार्याविषयी मला नेहमीच आपुलकी वाटत आली आहे. पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांत ही वृत्ती फार विरळा.

आणि ही वृत्ती विसाव्या शतकात ज्याच्या अंगी पूर्णपणे बाणली तो मनुष्य आपल्याच कोकणकिनाऱ्यावर जन्मला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला. शाळेचे शिक्षण ठाण्यास, महाविद्यालयाचे पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांना मिळाले, १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी मिळाली, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीस शाळेत मुलांना शिकविले. पदव्युत्तर शिक्षण नाही, संशोधनसंस्थेत जागा नाही. अंक आणि पाटी हेच त्यांचे भांडवल. मुंबईहून सुमारे तीस मैलांवरच्या, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरील डोंबिवली स्थानकाशी त्यांना ज्या संख्या सुचल्या त्यांना त्यांनी त्या स्थानकाच्या नावावरून ‘डेम्लो’ म्हटले. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो तिला ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, असे नाव ठेवले. आपल्या १४२८५७ च्या अंकांची बेरीज सत्तावीस, आणि तिला सत्ताविसाने भागले की ५२९१ पुरे येतात. तेव्हा तीही हर्षद ठरते.

कापरेकरांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांचा एक वर्ग आहे. संख्येचा वर्ग करावा, त्या वर्गाचे दोन तुकडे करावेत, आणि तुकड्यांची बेरीज मूळ संख्येइतकी यावी. पंचेचाळिसांचा वर्ग २०२५. वीस आणि पंचवीस मिळून पंचेचाळीस. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९ होतो. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे तुकडे करून ते मिळविले की १४२८५७ पुन्हा समोर उभी राहते. हे केवळ योगायोगाने घडते काय? मुळीच नाही. या संख्येची सातपट ९९९९९९ आहे हे आपण पाहिले. तिच्यातून एक वजा केला म्हणजे उरणारे १४२८५६ हे साताच्या वीस हजार चारशे आठपट आहेत. तेव्हा संख्या आणि तिच्याहून एकाने लहान संख्या यांचा गुणाकार म्हणजे ९९९९९९ ची २०४०८ पट; त्यात मूळ संख्या मिळविली की तिचा वर्ग होतो. ९९९९९९ म्हणजे दहा लक्षाला एक कमी. म्हणून २०४०८ हे दहा लक्षांच्या घरात जाऊन बसतात, आणि तेवढेच, म्हणजे २०४०८, उजवीकडच्या भागातून कमी होतात. डावीकडे जे गेले तेच उजवीकडे उणे पडले. बेरीज मूळची मूळच राहिली. एका हिस्सेदाराचा बांध जेवढा सरकावा तेवढेच शेजाऱ्याचे क्षेत्र घटावे, तसाच हा प्रकार.

कापरेकरांची सर्वांत प्रसिद्ध संख्या ६१७४. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती जाहीर केली. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी, आणि येणाऱ्या उत्तराशी पुन्हा तसेच करीत जावे. ज्या साली पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागून बारा शिवाजी महाराजांकडे राहिले, आणि त्या बारांत आमचा तळगड होता, ते १६६५ हे साल घेऊन पाहा. ६६५१ वजा १५६६ म्हणजे ५०८५. मग ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२, आणि सातव्या पायरीला ६१७४. येथून पुढे गती नाही. ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४च. सातांहून अधिक पायऱ्या कधीच लागत नाहीत. कापरेकरांचे स्वत:चे जन्मसाल १९०५ घेतले तरी नेमक्या सातच लागतात.

अशा कामाला मोठ्या गणितज्ञांनी फारसे महत्त्व दिले नाही. रामानुजनांचे गुण ओळखणारे केंब्रिजचे हार्डी यांनी १९४० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या छोट्या ग्रंथात ८७१२ आणि ९८०१ या संख्यांचा उल्लेख केला आहे. चार अंकी संख्यांत या दोनच संख्या आपल्या उलट्या रूपाच्या पूर्ण पटीत येतात, पहिली २१७८ ची चौपट आणि दुसरी १०८९ ची नऊपट. आणि असल्या गोष्टी कोड्यांच्या सदराला शोभतील, पण गणितज्ञाला त्यांत घेण्याजोगे काही नाही, असा त्यांचा अभिप्राय आहे. हार्डींविषयी पूर्ण आदर बाळगूनही मला हा अभिप्राय सरसकट मान्य करता येत नाही. त्या दोन संख्यांपुरता तो बरोबर असेल. परंतु अंकांच्या खेळातील कोणता खेळ वरवरचा आणि कोणता खोल आहे हे खेळून पाहिल्यावाचून कसे कळावे? देशाबाहेर १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कापरेकरांवर लिहिले, तेव्हा कुठे देवळालीच्या या मास्तरांचे नाव दूरवर पोहोचले, त्या वेळी त्यांनी सत्तरी ओलांडली होती.

सात सोडून दुसऱ्या भाजकांकडे वळले की खेळाची खोली प्रत्ययाला येते. तेराने भागले तर बाक्या बारा संभवतात, पण एक तेरांशाचा फेरा सहाच अंकांत, ०७६९२३ मध्ये, आटोपतो. उरलेल्या सहा बाक्यांची १५३८४६ ही वेगळी मंडळी. एकाच घराण्याच्या दोन शाखा झाल्या, आणि एकीतली बाकी दुसरीत जात नाही. सतराने भागले असता मात्र सोळा बाक्यांचा एकच अखंड फेरा मिळतो, ०५८८२३५२९४११७६४७. आणि एकोणिसाने अठरांचा, ०५२६३१५७८९४७३६८४२१. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकं, दशपासून परार्धापर्यंत अठराच स्थाने नावानिशी सांगितली आहेत, एकोणिसाचा हा फेरा त्या अठराही घरांत नेमका मावतो, परार्धाच्या घरात शून्य आणि एकंच्या घरात एक. मधोमध तोडले तर ०५२६३१५७८ आणि ९४७३६८४२१ मिळून नऊ नव होतात, जसे साताच्या बाबतीत तीन झाले होते.

शंभराच्या आत एकंदर पंचवीस मूळसंख्या आहेत. त्यांपैकी ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१ आणि ९७ या नऊंचे फेरे असे अखंड आहेत. पुढे त्या किती? संपतात, की संपतच नाहीत? १८०१ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, जर्मनीच्या गाऊसने आपल्या ग्रंथात या फेऱ्यांचा पद्धतशीर विचार केला. १९२७ मध्ये एमिल आर्टिन याने असे अनुमान मांडले की अशा मूळसंख्या अगणित असून सर्व मूळसंख्यांत त्यांचे प्रमाण शेकडा सदतीसच्या आसपास पडते. १९६७ मध्ये हूली याने ते सिद्ध केले, पण एका दुसऱ्या, स्वत: असिद्ध असलेल्या, गृहीतकाच्या आधारावर. १९८६ मध्ये हीथ-ब्राउन याने दाखविले की दहाऐवजी दोन, तीन किंवा पाच यांनी मोजले तर या तिहींपैकी निदान एकाच्या बाबतीत तरी अशा मूळसंख्या अगणित ठरतात. कोणत्या, ते मात्र त्या सिद्धतेतून निघत नाही. आपल्या नेहमीच्या दहाविषयीचा प्रश्न तर अजून तसाच अनिर्णित पडून आहे, आणि तो समजण्यास चौथीतल्या भागाकारापलीकडे काही यावे लागत नाही.

गेल्या श्रावणात, बाहेर पाऊस कोसळत असताना आणि गडाचा माथा चार-चार दिवस ढगांत दडलेला असताना, त्या वाटपपत्राच्या जोडीला कोऱ्या कागदांची चळत घेऊन मी हे भागाकार हाताने करावयास बसलो. एकसष्टाचा साठ अंकी फेरा तिसऱ्या प्रयत्नात चुकीवाचून उतरला. पहिले तीस अंक पुढच्या तीस अंकांत मिळवून पाहिले, तीसही नव आले. सत्त्याण्णवाचा भागाकार अजून व्हावयाचा आहे. त्याला शहाण्णव अंक लागतील.